दुसऱ्या गाण्याचा प्रश्न

पत्र: मी ठाण्यात राहतो, वय ५८. महाविद्यालयात असताना काळा घोड्याच्या ‘रिदम हाउस’मधून इंग्रजी गाण्यांच्या कॅसेट घेण्याचे जे वेड लागले, ते अजून सुटलेले नाही. आम्ही काही मित्र दर महिन्याला कोणा एकाच्या घरी जमून गाणी ऐकतो आणि पाळीपाळीने एकेकाने विषय मांडावा असा आमचा प्रघात आहे. पुढच्या महिन्यात माझी पाळी आहे. एकाच गाण्यामुळे जगभर नाव झालेले आणि मग दिसेनासे झालेले कलाकार टिकले असते तर कसे टिकले असते, असा विषय मी घेतला आहे. त्यावर एका मित्राने ‘आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटले असते’ ही म्हण ऐकवली. ज्यांच्यात दम होता ते टिकले, बाकीच्यांच्या नशिबाने एक गाणे लागले, असे त्याचे म्हणणे आहे. मला ते पटत नाही, पण उत्तरही देता येत नाही. अशी कल्पना करावी तरी कशी, निवड कोणाची करावी आणि हे सगळे नुसते गप्पांचे गुऱ्हाळ होऊ नये म्हणून काय सांभाळावे?

उत्तर: आपल्या मित्राने ऐकवलेली म्हण खोडून काढण्याच्या भरीस पडू नका, तिचा उपयोग करून घ्या. एखाद्या बँडचा स्वभाव, त्याची गाणी काढणारी कंपनी, त्या काळची हवा आणि श्रोत्यांची आवड हे सगळेच बदलून टाकायचे आणि मग तो टिकला असता असे म्हणायचे, तर मित्राचे म्हणणे खरेच ठरते. पण अमुक वर्षी अमुक माणसापुढे दोन वाटा खरोखर मोकळ्या होत्या, त्याने त्यांतली एक धरली आणि तिचे परिणाम पुढच्या दोन-तीन वर्षांत सर्वांना दिसले, एवढे दाखवता आले, तर दुसरी वाट धरल्यास काय झाले असते हे विचारण्यात पोरकटपणा काहीच नाही. म्हणून माझी पहिली सूचना अशी, की प्रत्येक कलाकाराच्या बाबतीत एकच निर्णय बदला आणि तो निर्णय त्या वेळी त्याच्या किंवा त्याच्या कंपनीच्या हातात होता याचा पुरावा जवळ ठेवा. गाजलेल्या गाण्याला हात लावू नका. ते कसे जमून आले हे पुष्कळदा खुद्द कलाकारालाही सांगता येत नाही. त्यानंतरचे दुसरे गाणे, दुसरा अल्बम किंवा दुसरा करार मात्र माणसे बसून, हिशेब करून ठरवतात, आणि घोडे पेंड खाते ते तिथे.

या दृष्टीने सर्वांत उपयोगी उदाहरण लॉस एंजेलिसच्या ‘द नॅक’ या बँडचे आहे, आणि आपण त्यालाच सर्वाधिक वेळ द्यावा असे मला वाटते. १९७९ साली त्यांचे ‘माय शॅरोना’ हे गाणे अमेरिकेत सहा आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले आणि ‘बिलबोर्ड’ या तिथल्या संगीतविषयक नियतकालिकाने वर्षअखेरीस काढलेल्या यादीतही तेच अव्वल ठरले. ज्या अल्बममध्ये ते होते, तो माइक चॅपमन या संगीतनिर्मात्याने दोन आठवड्यांत, सुमारे १८,००० डॉलरांत पुरा केला होता. मोठ्या कंपनीच्या मानाने ही रक्कम अगदीच किरकोळ. त्याआधी हा बँड शहरातल्या क्लबांमधून वाजवत असे, ब्रूस स्प्रिंगस्टीन आणि टॉम पेटी यांच्यासारखे गायक त्यांच्या मंचावर चढून साथ देऊन गेले होते आणि त्यांना करारबद्ध करण्यासाठी अनेक कंपन्यांमध्ये चढाओढ लागली होती. दम नव्हता असे म्हणणाऱ्याला एवढे पुरे.

पुढे जे झाले ते त्यांनी बऱ्याच अंशी स्वतःच्या हाताने ओढवून घेतले. अल्बमच्या वेष्टनाची धाटणी बीटल्सच्या सुरुवातीच्या अमेरिकी अल्बमची आठवण करून देणारी होती, कंपनीही तीच, कॅपिटॉल. आणि त्यावर कडी म्हणजे बँडने पत्रकारांना मुलाखती देण्याचेच नाकारले. गप्प राहिलेल्या माणसाबद्दल लोक आपापल्या मनाने बोलू लागतात, तसे झाले, आणि सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका चित्रकाराने तर त्यांच्याविरुद्ध चक्क मोहीमच काढली. तरीही या टप्प्यावर श्रोते पाठ फिरवून गेले नव्हते. त्याच अल्बममधले ‘गुड गर्ल्स डोन्ट’ हे गाणे अमेरिकेत अकराव्या क्रमांकापर्यंत चढले, म्हणजे काटेकोरपणे पाहिले तर त्यांना एकाच गाण्याचा बँड म्हणताही येत नाही.

आता बदलायचा निर्णय कोणता? बहुतेक लोक मुलाखतींकडे बोट दाखवतील. माझे मत वेगळे आहे. १९८० च्या फेब्रुवारीत, पहिल्या अल्बमनंतर वर्षही उलटले नसताना, त्याच निर्मात्याकडून आणि जवळजवळ त्याच साच्यात घडवलेला दुसरा अल्बम बाजारात आला. त्यातले पहिले गाणे ऐकताच ‘माय शॅरोना’च पुन्हा वाजवत आहेत की काय, असे वाटावे. ते ३८ व्या क्रमांकावर अडकले. यानंतर १९८१ मध्ये जॅक डग्लस या दुसऱ्या निर्मात्याबरोबर त्यांनी ‘राउंड ट्रिप’ हा तिसरा अल्बम काढला, त्यात आवाज आणि मांडणी दोन्ही मोकळी केली, नवे काही करून पाहिले. पण तोवर ऐकायला कोणी उरले नव्हते आणि वर्ष संपता संपता बँड फुटला. कल्पना करायची जागा नेमकी ही आहे. तिसरा अल्बम दुसरा म्हणून आला असता तर? १९८० हे वर्ष क्लबांमध्ये आणि दौऱ्यांवर काढून, नवी गाणी लोकांसमोर घासूनपुसून, १९८१ मध्ये ते वेगळ्या आवाजात परतले असते तर? निर्माता बदलण्याची आणि वेगळे वाजवण्याची कुवत त्यांच्यात होती हे त्यांनी स्वतःच सिद्ध केले आहे. फक्त एक अल्बम उशिरा. तरीही त्यांना बहाल करायची वर्षे मोजून द्या. अल्पवयीन मुलींकडे पाहण्याची त्यांच्या गीतांतली नजर त्या काळीही समीक्षकांना खटकली होती आणि आज ती ऐकवत नाही. अशा गीतांवर वीस वर्षांची कारकीर्द उभी राहिली असती असे मी म्हणणार नाही. चार-पाच वर्षे, दोन चांगले अल्बम आणि संगीतकारांमध्ये मान, एवढे मिळाले असते असे म्हणा; कोणी नाही म्हणणार नाही.

दुसरे उदाहरण आपल्या मंडळींना अधिक जवळचे वाटेल, कारण त्याचा धागा थेट बंगळूरला आणि मग मुंबईच्या चित्रपटांपर्यंत येतो. जमैकात जन्मलेला, लंडनमध्ये गाणारा कार्ल डग्लस आणि मूळचा बंगळूरचा संगीतनिर्माता बिद्दू यांनी १९७४ मध्ये एका तीन तासांच्या ध्वनिमुद्रणात आपला बहुतेक सगळा वेळ एका प्रेमगीतावर घालवला. तबकडीच्या मुख्य बाजूसाठी ते गाणे ठरले होते. दुसऱ्या बाजूला भरीला काहीतरी हवे म्हणून डग्लसने स्वतः लिहिलेले ‘कुंग फू फायटिंग’ शेवटच्या दहाएक मिनिटांत उरकले. कंपनीतल्या एका जाणत्याने बाजू उलटायला लावली आणि ते गाणे ब्रिटन व अमेरिका दोन्हीकडे पहिल्या क्रमांकावर गेले. ब्रूस ली आदल्याच वर्षी गेला होता, त्याच्या चित्रपटांची लाट ऐन भरात होती. गाणे त्या लाटेवर स्वार झाले हे खरे, पण नाचायला लावणारा त्यातला ठेका बिद्दूचा होता आणि तो लाट ओसरल्यावरही तसाच राहणार होता.

त्यानंतर डग्लसचे पुढचे गाणे कोणते आले? ‘डान्स द कुंग फू’. त्याच विषयाची री ओढलेली, तीच हूल पुन्हा दिलेली. ब्रिटनमध्ये ते ३५ व्या क्रमांकाच्या पुढे सरकले नाही. इकडे बिद्दूने मात्र ठेका धरून ठेवला आणि विषय सोडून दिला: १९७६ मध्ये टीना चार्ल्सला घेऊन तो ब्रिटनमध्ये पुन्हा पहिल्या क्रमांकावर पोचला, १९८० मध्ये ‘कुर्बानी’साठी त्याने शाळकरी वयाच्या नाझिया हसनकडून ‘आप जैसा कोई’ गाऊन घेतले, पाठोपाठ ‘डिस्को दीवाने’ आणले आणि १९९५ मध्ये अलिशा चिनॉयच्या ‘मेड इन इंडिया’मागेही तोच होता. एका ध्वनिमुद्रणातून दोन माणसे बाहेर पडली. एक कुंग फूपाशी अडकून राहिला, दुसऱ्याने एकवीस वर्षांनंतरही लोकांना नाचवले. १९७४ च्या अखेरीस डग्लसने, किंवा त्याच्या वतीने कंपनीने, दुसरे कुंग फू गीत न काढता त्याच ठेक्यावर साधे नाचाचे किंवा प्रेमाचे गाणे काढले असते, तर बिद्दूच्या पुढच्या वाटचालीत त्याचा आवाज बरीच वर्षे ऐकू आला असता, असे मला वाटते. प्रेमगीत त्याच्याकडे होतेच. मूळ बेत तर त्याचाच होता. कार्यक्रमात ‘कुंग फू फायटिंग’ अर्धेच वाजवा, ते सर्वांना पाठ आहे. मग ‘डान्स द कुंग फू’ पूर्ण वाजवा आणि लगेच टीना चार्ल्स लावा. त्यानंतर फार बोलायची गरज पडणार नाही.

आता पैशाकडे वळू, कारण रसिकांच्या गप्पांत तो विषय सहसा निघत नाही आणि कारकिर्दी मोडतात त्या पुष्कळदा त्याच्यापायी. ध्वनिमुद्रणाचा, चित्रफितीचा, कधी दौऱ्याचाही खर्च कंपनी आगाऊ देते आणि तो गायकाच्या रॉयल्टीतून वसूल करते, त्यामुळे गाणे गाजूनही गायकाच्या हाती बराच काळ काही पडत नाही. गीत आणि चाल ज्याची, त्याचा वाटा मात्र वेगळ्या वाटेने येतो आणि त्यातून तो खर्च सहसा वळता होत नाही. आपल्याकडच्या जुन्या कॅसेटच्या आतले कार्ड उघडून पाहा: गाण्याच्या नावाखाली, भिंगाशिवाय वाचता येऊ नयेत अशा अक्षरांत, कंसात एक-दोन नावे छापलेली असतात. वर्षानुवर्षे ज्यांच्या घरी पैसे जातात ती हीच नावे. ब्रिटनमधल्या लीड्स शहरातल्या ‘सॉफ्ट सेल’ या जोडीने १९८१ मध्ये ‘टेंटेड लव्ह’ गायले. ते त्यांचे नव्हते, एड कॉब या अमेरिकी गीतकाराचे होते आणि ग्लोरिया जोन्सने १९६० च्या दशकातच ते गायले होते. दुसऱ्याचे गाणे गाण्यात गैर काहीच नाही. पण तबकडीच्या मागच्या बाजूलाही त्यांनी ‘सुप्रीम्स’चे जुने गाणे घातले. विकल्या गेलेल्या प्रत्येक तबकडीवर मागच्या बाजूच्या गीतकारालाही पुढच्या बाजूइतकाच वाटा मिळतो, मग ती बाजू कोणी ऐको वा न ऐको. आणि ‘टेंटेड लव्ह’ अमेरिकेच्या पहिल्या शंभरांत ४३ आठवडे ठाण मांडून होते, जो तेव्हाचा विक्रम होता. मागे स्वतःचे एक गाणे, अगदी बेतास बात असले तरी, त्यांनी चिकटवले असते तर पुढची काही वर्षे कंपनीच्या तोंडाकडे न पाहता काम करता येईल इतकी पुंजी गाठीला लागली असती. १९८४ मध्ये ही जोडी फुटली त्याला कारणे इतरही होती, आणि हे एवढ्यानेच टळले असते असा दावा करू नका. पण एका तबकडीची एक बाजू हा आपल्याला मिळेल तितका छोटा आणि स्पष्ट निर्णय आहे.

हेच ‘सॉफ्ट सेल’ ब्रिटनमध्ये पहिल्या पाचांत पुन्हा पुन्हा येत होते, हे मात्र लपवू नका, कारण निवड करताना सर्वांत मोठी फसगत इथेच होते. एका गाण्याचे कलाकार म्हणून ज्या याद्या फिरतात, त्यांतल्या पुष्कळ केवळ अमेरिकेच्या बाजारावरून बनवलेल्या असतात. नॉर्वेच्या ‘अ-हा’चे ‘टेक ऑन मी’ १९८५ मध्ये अमेरिकेत पहिले आले आणि तिथे त्यांची ओळख आजही तेवढीच आहे. ब्रिटनमध्ये मात्र ते गाणे दुसऱ्या क्रमांकावर थांबले आणि पहिला क्रमांक मिळाला तो पुढच्या ‘द सन ऑलवेज शाइन्स ऑन टीव्ही’ला. १९९१ च्या जानेवारीत रिओच्या माराकाना मैदानावर त्यांना ऐकायला १,९८,००० लोकांनी तिकिटे काढली होती. यांना टिकवण्याचे कष्ट आपण कशाला घ्यावेत? ‘माकारेना’वाल्या ‘लोस देल रिओ’ या जोडगोळीचेही तेच. जगाने त्यांचे नाव ऐकले तेव्हा सेव्हिलजवळच्या दोस एर्मानास गावचे हे दोघे तीस वर्षांहून अधिक काळ गात होते. अशी नावे यादीतून आधीच गाळा. ‘डेक्सीज मिडनाइट रनर्स’ला घ्यायचे झाले तर अमेरिकेपुरते घ्या: एप्रिल १९८३ मध्ये त्यांचे ‘कम ऑन आयलीन’ तिथे पहिल्या क्रमांकावर आले ते मायकल जॅक्सनच्या दोन गाण्यांच्या मध्ये, आणि त्यानंतर केव्हिन रोलंडने पुढचा अल्बम काढायला १९८५ उजाडवले, वर त्यातले एकही गाणे सुटे म्हणून काढायला तो सुरुवातीला तयारच नव्हता. अल्बमला पुढे जाणकारांनी नावाजले, पण अमेरिकी रेडिओला वाजवायला हाती काही दिलेच नाही तर तो वाजवणार काय? इथे बदलायचा निर्णय कोणता, हे मी वेगळे सांगत नाही.

आपल्या मित्राच्या ‘दमा’च्या मुद्द्याला खरे उत्तर वेगळ्याच लोकांकडून मिळेल. ‘द बगल्स’ या नावाने १९७९ मध्ये ‘व्हिडिओ किल्ड द रेडिओ स्टार’ गाणारा ट्रेव्हर हॉर्न पुढे ब्रिटनमधल्या सर्वांत वजनदार संगीतनिर्मात्यांपैकी एक झाला. ‘फोर नॉन ब्लॉन्ड्स’च्या लिंडा पेरीने दुसऱ्या अल्बमच्या वेळीच बँड सोडला आणि काही वर्षांनी क्रिस्टिना अगिलेरासाठी ‘ब्यूटिफुल’ लिहिले. ‘सेमिसॉनिक’च्या डॅन विल्सनचे ‘क्लोजिंग टाइम’ १९९८ चे. अडेलबरोबर त्याने लिहिलेले ‘समवन लाइक यू’ २०११ मध्ये अटलांटिकच्या दोन्ही काठांवर पहिले आले. आपल्याकडच्या इंडीपॉपमधून, म्हणजे चित्रपटांबाहेरच्या पॉप गाण्यांतून, एक नाव घ्यायचे तर ‘सिल्क रूट’ या बँडचे घ्या. ‘डूबा डूबा’ १९९८ चे. पुढे वाहिन्या आणि कंपन्या पुन्हा चित्रपटगीतांकडे वळल्या, बँड विरला आणि त्यातला मोहित चौहान २००९ मध्ये ‘मसक्कली’ गाऊन घराघरांत पोचला. ही माणसे संपली नव्हती. फक्त वेष्टनावरचे त्यांचे नाव पुढच्या बाजूवरून मागच्या बाजूवर गेले होते, किंवा ते दुसऱ्याच्या पडद्यामागून गात होते. त्यांचा बँड टिकला असता तर बरे झाले असते का, हा प्रश्न मात्र कार्यक्रमात जरूर विचारा. लिंडा पेरीच्या बाबतीत माझे उत्तर स्पष्टपणे ‘नाही’ असे आहे.

मांडणीबद्दल एवढेच सुचवतो, की चारांहून अधिक कलाकार घेऊ नका, आणि प्रत्येकाचे गाजलेले गाणे थोडक्यात आटोपून त्यानंतरचे गाणे पूर्ण ऐकवा. ते ऐकून झाल्यावर आपण निर्णय सांगण्याआधी मंडळींनाच विचारा, की इथे काय चुकले. चर्चा रंगेल आणि विषय ‘जर-तर’च्या गप्पांकडे घसरणारही नाही. कलाकारांची लग्ने, व्यसने आणि भांडणे बाजूला ठेवा. ती खरी असली तरी टिकलेल्या कलाकारांच्या घरीही तेवढीच असतात, त्यामुळे त्यांतून काहीच सिद्ध होत नाही.

राहता राहिला ‘न्यू रॅडिकल्स’चा ग्रेग अलेक्झांडर, ज्याचे नाव या विषयात कोणीतरी नक्की काढेल. ‘यू गेट व्हॉट यू गिव्ह’ १९९८ मध्ये गाजले, आणि पुढच्या वर्षी दुसरे गाणे बाजारात येण्याआधीच त्याने बँड मोडून टाकला. गावोगाव फिरून स्वतःचीच जाहिरात करण्याचा त्याला वीट आला होता. मग तो दुसऱ्यांसाठी लिहू लागला. सँटानाने मिशेल ब्रँचबरोबर केलेले ‘द गेम ऑफ लव्ह’ त्याच्या लेखणीतले, आणि ‘लॉस्ट स्टार्स’ला तर ऑस्करचे नामांकन मिळाले. हा बँड पुन्हा दिसला तो थेट जानेवारी २०२१ मध्ये, अमेरिकेच्या अध्यक्षांच्या शपथविधीच्या दिवशी, आणि तोही त्या एका गाण्यापुरता. याच्यापुढेही दोन वाटा होत्या आणि त्याने आपली वाट विचार करून निवडली. त्याच्या नावावर न काढलेले पाच अल्बम कल्पून देण्यात मला काही अर्थ दिसत नाही. कोणी आग्रहच धरला, तर त्याचे गाजलेले गाणे लावू नका. ‘लॉस्ट स्टार्स’ लावा आणि लिहिणारा कोण, हे गाणे संपल्यावर सांगा.